हाकेला ओ

सन २००९ मध्ये मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदराच्या गावी आपल्या बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि मासेमारीचा हंगाम ऐन भरात होता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ‘फयान’ वादळ अरबी समुद्रातून वर सरकत आले आणि ११ तारखेला अलिबाग ते मुंबई या पट्ट्यात किनाऱ्यावर धडकले. कोकणातील आणि गोव्यातील कितीतरी नौका तेव्हा समुद्रात होत्या.

दुसऱ्या दिवशी शाखा उघडली, पण पैसे काढायला किंवा भरायला जवळजवळ कोणीच आले नाही. जे आले ते फोन करण्यासाठी आले. आमच्या एका कर्जदार तांडेलाची पत्नी सकाळीच दाराशी उभी होती. “साहेब, माझ्या मोबाइलवरून लागत नाही. तुमच्या बँकेच्या फोनवरून लावून बघता का?” मी म्हटले, “बसा वहिनी, लावतो.” क्रमांक फिरवला. पलीकडून तोच परिचित आवाज आला की, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. त्या दिवशी तो आवाज मी किमान वीस वेळा ऐकला. प्रत्येक वेळी वहिनी माझ्या चेहऱ्याकडे पाहत आणि मी मान हलवत असे.

तांडेल तिसऱ्या दिवशी परतला. वादळाची चाहूल लागताच त्याने नौका दुसऱ्या एका खाडीत घातली होती. मोबाइल भिजून बंद पडला होता आणि खाडीकाठच्या गावात वीजही नव्हती. म्हणजे दोन दिवस तो सुखरूप होता, आणि घरी मात्र त्याच्या नावाने रडारड चालली होती. सगळ्याच घरांना असे भाग्य लाभले नाही. काही नौका परत आल्याच नाहीत.

त्या दिवसांतील एक गोष्ट मनाला पुढे बरीच वर्षे टोचत राहिली. आमच्या शाखेच्या गच्चीवर एक पांढरी छत्री बसवलेली होती. तिच्यामार्फत आमचे संगणक उपग्रहाशी आणि तेथून मुख्य कार्यालयाशी जोडलेले असत. कोणाच्या खात्यात किती रुपये आहेत, ही माहिती अवकाशात जाऊन क्षणार्धात परत येत होती. किनाऱ्यापासून काही मैलांवर असलेल्या माणसाला मात्र “मी ठीक आहे” एवढे तीन शब्द पाठविण्याचे साधन नव्हते. ते साधन पुढे कसे घडत गेले, आज ते कोणाच्या हाती आहे आणि ते वापरताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

मोबाइल कोठे थांबतो?

मोबाइल हा मूलतः जमिनीवरील मनोऱ्यांच्या आधाराने चालणारा फोन आहे. किनाऱ्यावरील मनोऱ्याचा संकेत समुद्रात काही किलोमीटर पुढे गेला की क्षीण होतो आणि नाहीसा होतो. डोंगरात तर मनोरा जवळ असूनही मध्ये एक सोंड आडवी आली की फोन मुका होतो. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर एखाद्या जागी बोलणे होते आणि शंभर पावले खाली उतरताच खंडित होते, हा अनुभव गिर्यारोहकांना नवा नाही. नौकांवरील व्हीएचएफ संच एकमेकांशी बोलण्यास उत्तम, परंतु त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे लहान नौकांमधील हे संभाषण साधारण वीस-तीस किलोमीटरच्या पलीकडे पोहोचत नाही.

उपग्रह हा एक अतिशय उंच मनोराच समजावा. मात्र त्याचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला भूस्थिर उपग्रह. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी दिसतो. शाखेच्या गच्चीवरील छत्री एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही, त्याचे कारण हेच. असा उपग्रह भारतातून पाहता दक्षिणेच्या बाजूस असतो. त्यामुळे दक्षिणेला उंच कडा असलेल्या हिमालयातील अरुंद दरीत त्याचा संकेत मिळणे कठीण जाते. खुल्या समुद्रावर ही अडचण नाही.

दुसरा प्रकार खालच्या कक्षेतील उपग्रहांचा. इरिडियम या जाळ्यात सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर ६६ उपग्रह कार्यरत असतात आणि त्यांतील प्रत्येक जण साधारण शंभर मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करतो. एक क्षितिजाआड गेला की दुसरा वर येतो. अंतर कमी असल्यामुळे लहानशा उपकरणाचा दुबळा संकेतही त्यांच्यापर्यंत पोहोचतो. मात्र दाट झाडीत किंवा घळीत उपग्रह डोक्यावर येईपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. दोन्ही प्रकारांना एक अट सारखीच लागू आहे. उपकरणाला मोकळे आकाश दिसले पाहिजे. पिशवीच्या तळाशी ठेवलेले यंत्र कितीही महाग असले तरी काही उपयोगाचे नाही.

पहिली सुटका

संकटाची हाक उपग्रहाने ऐकावी, ही कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी १९७९ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स हे चार देश एकत्र आले. शीतयुद्धाचा तो काळ. तरीही बुडत्याला आणि वाट चुकलेल्याला शोधण्याच्या कामी त्यांनी हात मिळविले. कॉस्पस-सारसॅट या नावाने ही व्यवस्था उभी राहिली. १९८२ च्या जून महिन्यात पहिला सोव्हिएत उपग्रह सोडण्यात आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या एका छोट्या विमानातील तिघांचा शोध या उपग्रहामुळे लागला. तेव्हापासून जगभर हजारो माणसे या व्यवस्थेमुळे वाचली आहेत.

तिचे काम सोपे आणि काटेकोर आहे. जहाजावरील, विमानातील किंवा व्यक्तीजवळील संकटसूचक यंत्र ४०६ मेगाहर्ट्झ या राखीव वारंवारितेवर आपला ओळख-क्रमांक पाठविते. उपग्रह तो भूकेंद्राकडे धाडतो, स्थान निश्चित केले जाते आणि संबंधित बचाव केंद्राला कळविले जाते. भारतही या व्यवस्थेचा भागीदार आहे. बंगळुरू आणि लखनौ येथे तिची भूकेंद्रे असून, बंगळुरूला इस्रोच्या आवारात भारतीय नियंत्रण केंद्र अहोरात्र चालते. आपल्या शेजारच्या काही देशांनाही त्याची सेवा मिळते.

येथे आपल्या व्यवसायाशी जुळणारी एक बाब आहे. असे यंत्र घेतल्यावर मालकाचे नाव, जहाजाचे वर्णन आणि घरच्यांचे दूरध्वनी क्रमांक यांची नोंद करावी लागते. हाक आली की बचाव केंद्र प्रथम त्या क्रमांकावर विचारणा करते. माणूस खरोखर प्रवासाला गेला आहे का, सोबत किती जण आहेत, हे कळले की शोधाला दिशा मिळते. नोंद जुनी असेल आणि क्रमांक बदललेला असेल, तर मोलाचा वेळ वाया जातो. ग्राहकांना पत्ता आणि मोबाइल क्रमांक अद्ययावत करण्याची विनंती आपण वारंवार करतो. तिचे महत्त्व येथे किती वाढते, ते वेगळे सांगावयास नको.

बटण दाबल्यावर

भारतीय मच्छीमारांसाठी इस्रोने विकसित केलेले संकटसूचक प्रक्षेपक यंत्र, ज्याला ‘डॅट’ म्हणतात, ते २०१० पासून वापरात आहे. खलाशाने बटण दाबले की नौकेची ओळख आणि स्थान भारतीय उपग्रहामार्फत बंगळुरूच्या केंद्रात पोहोचते. तेथून ते तटरक्षक दलाच्या सागरी बचाव समन्वय केंद्राकडे जाते आणि मदतीची सूत्रे हलू लागतात. अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे वापरात आल्याचे इस्रोने सांगितले आहे.

या पहिल्या यंत्रात एक उणीव होती. हाक जात असे, परंतु उलट उत्तर येत नसे. नौकेत पाणी भरते आहे, अंधार आहे, बटण दाबून झाले आहे. आता पुढे काय? ते कोणी ऐकले का? मदत निघाली का? आहे तेथेच थांबावे की किनाऱ्याकडे जाण्याचा प्रयत्न करावा? या प्रश्नांचे उत्तर देणारे कोणी नाही, अशा अवस्थेत माणसाचा धीर सुटतो आणि धीर सुटलेला माणूस चुकीचा निर्णय घेतो.

किनाऱ्यावरून समुद्राकडे निरोप पोहोचला नाही तर काय होते, हे २०१७ च्या ‘ओखी’ चक्रीवादळाने दाखवून दिले. नोव्हेंबरच्या अखेरीस ते अतिशय वेगाने तीव्र झाले. केरळ आणि तमिळनाडूतील मच्छीमार त्याआधीच खोल समुद्रात गेले होते. धोक्याचा इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचा मार्गच नव्हता. शेकडो जणांनी प्राण गमावले किंवा ते बेपत्ता झाले. अनेक नौका वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगडच्या बंदरात आश्रयाला लागल्या. देवगडला पोहोचलेल्या त्या खलाशांची सुखरूपता त्यांच्या गावी कळेपर्यंत तिकडच्या घरांतील माणसांनी काय सोसले असेल, याची कल्पना मला करता येते.

यानंतर दोन दिशांनी प्रयत्न झाले. २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे यंत्र आले. हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था ‘इन्कॉइस’ आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ते पुढे आणले. वादळाचे इशारे आणि मासे मिळण्याची संभाव्य ठिकाणे ‘गगन’ उपग्रह प्रणालीमार्फत नौकेपर्यंत पोहोचविण्याची सोय त्यात आहे. मात्र नौकेवरून उत्तर पाठविण्याची सोय त्यात नव्हती. पूर्वी नौकेची हाक किनाऱ्यावर पोहोचत असे, पण ओ मिळत नसे. आता किनाऱ्याचा इशारा नौकेवर येऊ लागला, पण ओ देता येत नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने ‘डॅट’ची दुसरी पिढी आणली आणि ही दोन टोके जुळली. आता बटण दाबणाऱ्या मच्छीमाराला त्याची हाक पोहोचल्याची पोच मिळते. नियंत्रण केंद्राकडून वादळाचे आणि सुनामीचे इशारे त्याच यंत्रावर येतात. यंत्र मोबाइलला बिनतारी जोडून ते संदेश स्वतःच्या भाषेत वाचता येतात. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पालघर येथे एका देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारलेले दुतर्फा संपर्काचे एक लाख संच, तेरा किनारी राज्यांतील आणि केंद्रशासित प्रदेशांतील यांत्रिक नौकांवर टप्प्याटप्प्याने बसविण्याची ही योजना असून तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये आहे. आपल्या किनारपट्टीवरील शाखांतील सहकाऱ्यांनी मच्छीमार ग्राहकांना मत्स्यव्यवसाय विभागाकडे या संचाबद्दल चौकशी करण्यास आवर्जून सुचवावे. कर्जाचे कागद पाहताना नौकेचा विमा आपण पाहतोच. नौकेवरील माणसांच्या संपर्काचे काय, हेही एकदा विचारण्यास हरकत नाही.

खिशातील संदेशवाहक

समुद्राबाहेरही या साधनांनी मोठी मजल मारली आहे. परदेशात डोंगरदऱ्यांतून हिंडणारे लोक तळहातावर मावणारे, सुमारे शंभर ग्रॅम वजनाचे उपग्रह-संदेशवाहक जवळ बाळगतात. त्यावरून छोटे मजकूर पाठविता आणि स्वीकारता येतात, ठरावीक वेळाने आपले स्थान घरी कळविता येते आणि झाकणाखालचे बटण दाबले की चोवीस तास चालणाऱ्या बचाव केंद्राला हाक जाते. यासाठी मासिक किंवा वार्षिक वर्गणी भरावी लागते. याउलट ४०६ मेगाहर्ट्झच्या वैयक्तिक संकटसूचक यंत्राला बहुतेक देशांत वर्गणी नसते आणि ते चालू केल्यावर किमान चोवीस तास संकेत देत राहते, पण त्यावरून गप्पा मारता येत नाहीत. न्यूझीलंडमध्ये अशी यंत्रे भाड्याने मिळतात. ज्या वाचकांची मुले त्या देशात शिकत आहेत आणि सुटीत डोंगरात भटकत आहेत, त्यांनी मुलांना ही माहिती जरूर द्यावी.

अशी साधने वापरणारे जाणकार काही पथ्ये पाळतात. निघण्यापूर्वी घराच्या अंगणातून एक चाचणी संदेश पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. घरच्यांना सांगून ठेवावे की, एखादा संदेश चुकला म्हणून लगेच घाबरू नये, तो झाडीमुळे अडकला असू शकतो. संकटाचे बटण जीविताला धोका असेल तेव्हाच दाबावे. चुकून दाबले गेले तर यंत्र गुपचूप बंद करून बसू नये, चूक झाल्याचे तत्काळ कळवावे, अन्यथा कोणाचे तरी हेलिकॉप्टर आणि कोणाचा तरी जीव विनाकारण धोक्यात पडतो. आणि मजकूर लिहिताना मोजक्या शब्दांत चार गोष्टी सांगाव्यात. काय झाले, किती जण आहेत, जखमी कोण आहे आणि आपण जागा सोडणार की तेथेच थांबणार.

कायद्याची मर्यादा

आता अत्यंत महत्त्वाचा भाग. परदेशात दुकानात सहज मिळणारी ही उपकरणे भारतात परवानगीविना जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. बिनतारी यंत्र बाळगण्यासाठी शासनाचा परवाना लागतो, हे तत्त्व १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आलेले आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ते कायम आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी समुद्रमार्गे येताना उपग्रह दूरध्वनी वापरल्याचे तपासात निष्पन्न झाले. त्यानंतर या बाबतीतील दक्षता वाढली, यात नवल नाही. इरिडियम आणि थुराया यांचे फोन येथे निषिद्ध आहेत. २०१७ मध्ये बीएसएनएलने इन्मारसॅटच्या साहाय्याने उपग्रह दूरध्वनी सेवा सुरू केली, ती प्रथम शासकीय यंत्रणांसाठी होती. अन्य कोणाला असे साधन वापरायचे असल्यास दूरसंचार विभागाची रीतसर अनुमती हवी.

नियम ठाऊक नसल्याचे कारण विमानतळावर चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला तिच्या पिशवीत संदेशवाहक सापडल्यामुळे पोलिसी कारवाईस सामोरे जावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना या निर्बंधाची माहिती प्रवाशांना देण्यास सांगितले. तेव्हा परदेशातून सुटीवर येणाऱ्या मुलांना आणि स्नेह्यांना आधीच बजावून ठेवावे की, ते यंत्र तिकडेच ठेवून यावे. भारतात केवळ विमान बदलून नेपाळला जाणाऱ्यांनीही हे विसरू नये.

यंत्र नसेल तेव्हा

मग सह्याद्रीत आणि हिमालयात जाणाऱ्या आपल्यासारख्या सामान्य माणसाने काय करावे? या व्यवस्थेचे मर्म यंत्रात जितके आहे तितकेच पलीकडे ऐकणाऱ्या माणसात आहे, आणि ते मर्म यंत्राविनाही बरेचसे साधता येते.

निघण्यापूर्वी एका कागदावर लिहावे की, कोठून चढणार, कोठे मुक्काम करणार, कोणत्या वाटेने उतरणार, सोबत कोण कोण आहे, त्यांचे रक्तगट आणि औषधे कोणती. त्याच कागदावर एक वेळ लिहावी, “रविवारी रात्री नऊपर्यंत फोन न आल्यास चौकशी सुरू करावी.” चौकशी कोणाकडे करायची, हेही लिहावे. पायथ्याच्या गावातील ज्याच्या घरी जेवण सांगितले आहे त्याचे नाव, जवळचे पोलीस ठाणे आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक. समुद्रावर जाणाऱ्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. हा कागद घरातील जबाबदार माणसाच्या हाती द्यावा. हिमालयात वनखात्याच्या किंवा पोलिसांच्या नाक्यावर नोंद करावी आणि परतताना ती पूर्ण करावी. पुष्कळजण उतरल्यावर थेट गाडीत बसतात आणि मागे कोणीतरी त्यांना शोधत राहते. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या संस्थांनी एकत्र येऊन बचाव समन्वय केंद्र चालविले आहे. त्याचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दऱ्यांत उतरतात. त्यांना प्रथम कळायला हवी ती एकच गोष्ट, कोणत्या दरीत उतरायचे.

मोबाइलची बॅटरी राखून ठेवावी, सोबत शिट्टी आणि विजेरी असावी, आणि ठरलेली वाट बदलायची झाल्यास संपर्क असतानाच घरी कळवावे. ठरलेली वेळ टळली की घरच्यांनीही “येईल थोड्या वेळाने” म्हणून रात्र घालवू नये.

त्या वहिनी आणि तो तांडेल पुढे कर्जाचा शेवटचा हप्ता भरायला एकत्रच शाखेत आले होते. मी गमतीने म्हटले, “आता तरी समुद्रातून फोन करता ना?” तो हसला. वहिनींनी उत्तर दिले, “साहेब, आता जाताना सांगून जातात. कुठल्या बाजूला जाळं टाकणार, कुठल्या दिवशी परतणार, वारा फिरला तर कुठल्या खाडीत शिरणार. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवते.” आज त्यांच्या नौकेवर दुतर्फा बोलणारा संच असेल तर आनंदच आहे. परंतु दिनदर्शिकेवर लिहिण्याची ती सवय त्यांनी सोडली नसावी, अशी माझी इच्छा आहे.